टू-सीटरमधली आसनसिद्धी

१३ सप्टेंबर, शनिवार
मोटारीची तीन पेडलं एका वितीच्या जागेत कोंबणाऱ्या त्या अज्ञात गोऱ्या साहेबाचा मी आज या वहीत, पूर्ण शुद्धीवर असताना, तीव्र निषेध नोंदवतो. एक दाबावं तर दोन दाबली जातात. त्या देशात माणसांना पाय असतात की खूर, हे तपासायला हवं.

गाडी आली. लाल, उघडी, दोन सीटांची विलायती स्पोर्ट्‌स कार. भिंगारच्या ज्या निवृत्त कर्नलसाहेबांना मी संस्कृत शिकवत होतो, ते डेहराडूनला लेकीकडे निघाले. गाडी मला देऊन गेले. जाताना म्हणाले, पंडितजी, इसमें बैठना सीखना पड़ता है. मी मनात हसलो. बसायला काय शिकायचं? आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काहीही केलेलं नाही.

दमयंतीने दारातच अडवलं. अहो, पितृपक्षात वाहन घरी आणता? वर शास्त्र शिकवता! मी म्हटलं, गाडी माझ्याहून वयाने मोठी आहे, पितरांतच जमा, याच पंधरवड्यात यायला हवी. ती हसली नाही. लग्नापासून माझे विनोद तिच्यापर्यंत पोचलेले नाहीत.

पुणतांब्याहून तिचा भाऊ सुहास फोनवर: दाजी, ती गाडी तुम्हाला नाही झेपायची. द्या माझ्याकडे, गोडाऊनमध्ये झाकून ठेवतो. मी सुनावलं, दसऱ्याला तुझ्या ताईला शेजारी बसवून स्वतः चालवत येतो, ओवाळायला उभा राहा. नाही आलो तर गाडी तुझी. तो म्हणाला, शब्द हं दाजी! हलकट.

१४ सप्टेंबर
बसलो. हा शब्द चूक आहे. पडलो. बूड जमिनीपासून चार बोटांवर, पाय समोरच्या बोगद्यात सरळ, स्टिअरिंग छातीवर. अर्धं शवासन. डोळ्यांच्या रेषेत एसटीची चाकं आणि म्हशींची पोटं. वर बघितल्याशिवाय माणसाचं तोंड दिसत नाही, आणि दिसलं की ते हसत असतं.

बाहेर पडायला दमयंतीचा हात लागला. ती म्हणाली, पाटावर बसल्यासारखंच आहे, फक्त ताट नाही.

डाव्या पायाला मुंग्या. आसनाचा दोष.

१७ सप्टेंबर
गल्लीत सराव. डाव्या पायातली चप्पल निसटून ब्रेकखाली गेली आणि मला पत्ता नाही. मागच्या कॉलनीतले देशपांडे मात्र वेळेत बाजूला झाले. त्यांना व्यायाम हवाच होता. हल्लीच्या चपला पायाला धरून राहत नाहीत. निष्ठा म्हणून काही उरली नाही.

नवा नियम: वाहन पवित्र आहे. आत अनवाणीच बसायचं. दमयंतीने विचारलं, स्कूटरला का नव्हता हा नियम? उत्तर देणं टाळलं. वादाने बुद्धी क्षीण होते.

२० सप्टेंबर
भागवत मिस्त्रीकडे गेलो. तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि स्वतःला इंजिनिअर समजतो. म्हणाला, सर, तुमचं काय चुकतंय सांगू का? शीट लई खाली हाय. ट्रॅक्टरची बशिवतो, मंग बगा, राजावानी दिसताल. बसवली. राजासारखाच दिसलो, हत्तीवरच्या. काच छातीपर्यंत आणि डोकं उघड्या वाऱ्यात. नागापूरपर्यंत दोन किडे गिळले. आम्ही शाकाहारी आहोत. स्टिअरिंग मांड्यांवर असं घट्ट बसलं की वळायचं तर मीच वळायला हवं होतं.

परत गेलो तर भागवत म्हणतो, गाडी बरोबर हाय सर, मानूसच लांब हाय. त्याची सीट त्याच्या अंगावर टाकून आलो. निदान तसा विचार तरी केला.

२३ सप्टेंबर
काल घट बसले. गाडीच्या जुन्या सीटवर पुन्हा शवासन.

संध्याकाळी दमयंतीने पाहिलं, डाव्या टाचेला मोठा फोड. इंजिनाच्या बाजूचा पत्रा तापतो. पाय त्याला टेकून राहिला असणार. त्या देशात थंडी असते, म्हणून कारागिरांनी हीटर फुकट दिला. मी हे सगळं समजावून सांगत होतो. तिने मलम लावता लावता विचारलं, अहो, भाजताना कळलं नाही? मी म्हटलं, विचारात होतो. कसल्या? म्हटलं, शास्त्रीय. ती नुसती मलम लावत राहिली. बोललेली परवडते.

मग म्हणाली, साखरेच्या डॉक्टरांनी पाय दाखवायला बोलावलं होतं ना? दोनदा राहिलं. दसरा झाल्यावर जाऊ, असं सांगून विषय संपवला. एवढ्यात डॉक्टर गाडी चालवू नका म्हणायचे, आणि सुहास दिवाळीत माझ्या गाडीत बसून मिशीला पीळ भरायचा. फोड पत्र्याचा आहे. साखरेचा काही संबंध नाही.

२७ सप्टेंबर
विजय! भिंगारपर्यंत गेलो आणि आलो. एकटा. गाडी बंद पडली ती किरकोळ वेळा. मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या वडिलांची चौकशी केली. ते हयात नाहीत.

गुरुकिल्ली सापडली. गिअर बदलायच्या आधी मान खाली घालून डावा पाय कुठे आहे ते बघून घ्यायचं. आहे क्लचवर? दाबा. एवढंच. याला अवधान म्हणतात. सामान्य ड्रायव्हर पायाकडे बघत नाहीत, म्हणून तर अपघात होतात. तेवढ्या वेळात समोर काय चाललंय ते कळत नाही, पण समोरचे लोक आपली काळजी घेतात.

सुहासला फोन करून सांगितलं, निरांजन घासून ठेव.

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळी
पूजा झाली. मंत्र मीच म्हटले. बॉनेटवर झेंडूचा हार. दमयंती आज कांजीवरम नेसली आहे. तिने आधी नाही म्हटलं होतं, मग स्वतःहूनच तयार झाली. म्हणाली, मी शेजारी असलेली बरी. म्हणजे अखेर अभिमान वाटतो तर! बोलून दाखवणार नाही, स्वभावच तसा आहे. दुपारच्या पंगतीला पुणतांबा. सुहासच्या तोंडाची कल्पना करतच इंजिन सुरू करतो.

२ ऑक्टोबर, संध्याकाळी
प्रोफेसर चौकापर्यंत गेलो.

समोर रिक्षा थांबली. मी क्लच दाबला, ब्रेक दाबला. इंजिन आचके देऊन बंद पडायला हवं होतं तेही नाही. घाईत उजवा पाय अर्धा अ‍ॅक्सिलरेटरवर. गाडी रिक्षा चुकवून कडेला झेंडूच्या ढिगात घुसली. फुलं विकणाऱ्या बाईंनी नुकतंच गिऱ्हाइकाला सुट्टे द्यायला उठून दोन पावलं टाकली होती. नुकतंच. लंकाबाई नाव, काष्टीहून आल्या होत्या, लोक त्यांना नावाने हाका मारत होते म्हणून कळलं. त्या माझ्यावर ओरडल्या, अवो बाबा, आत्ता म्या बसले हुते तितं! म्हातारपनी कशाला हौस करताव? मग दमयंतीची साडी बघून म्हणाल्या, बाई, तुमी तरी सांगायचं ना यास्नी. आणि खाली बसून रडायलाच लागल्या.  

मी सांगत होतो की क्लच अडकला, पेडलं जवळजवळ आहेत, बनावटीतच दोष आहे. दमयंती माझ्या पायांकडे बघत होती. हळूच म्हणाली, अहो, पाय कुठंय तुमचा?

मी म्हटलं, क्लचवर.

ती म्हणाली, बघा.

बघितलं. क्लचच्या बाजूला, पत्र्यावर होता. मी तोच पत्रा सगळा जोर लावून दाबत होतो.

सुहास दुपारी पिकअप घेऊन आला. टोमणा मारला नाही. गाडी दोराने बांधताना म्हणाला, दाजी, राहू द्या, काही बोलू नका आता. ते फार लागलं.

गाडीत काही दोष नाही. डावा पाय कुठे टेकला आहे, कशावर, गरम की गार, हे मला बघितल्याशिवाय कळत नाही. दमयंतीला आज ते कळलं. सोमवारी डॉक्टरांकडे नेणार आहे. उजव्या पायाचा अंगठाही गणपतीपासून तसाच झाला आहे. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. मला भीती वाटते.