मला कुणात मिसळू नये

मी, वासंती शमुवेल उजागरे, वय ७६, निवृत्त शिक्षिका, राहणार नानाखेडा, उज्जैन, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोकं ठिकाणावर आहे, फक्त तापलेलं आहे. वकील म्हणाले, हिंदीत लिहा. पण मला राग मराठीत येतो.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी भाची गौरी हिला. माझे पती शमुवेल रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. त्यांची हत्यारं गौरीचा मुलगा आदित्य याला. ती वापरावीत, काचेच्या कपाटात मांडून ठेवू नयेत.

२. माझे थोरले भाऊ बापू दफ्तरदार यांनी माझ्यावर कोणतेही अंत्यविधी करू नयेत. ते एकदा करून झाले आहेत. १९७४ साली मी ख्रिस्ती होऊन शमुवेलशी लग्न केलं, तेव्हा बापूंनी राम घाटावर दर्भाची वासंती करून जाळली आणि तिचा पिंड आजी-पणजीच्या पिंडांत मिसळून टाकला. त्या वेळी मी तिसरीच्या वर्गात पाढे घेत होते.

गेल्या महिन्यात बापू गौरीचा हात धरून आले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस माझ्यासमोर रडला. म्हणाले, “वासू, तेव्हा गुस्स्यात केलं. अब की बार नीट करू दे. आई-बाबांपाशी तरी जाशील.” मला दया आली, आणि दया आली म्हणून जास्तच राग आला. पिंडांत मिसळले की मी पूर्वजांपैकी एक होणार. मला एक व्हायचं नाही, वासंतीच राहायचं आहे. शेवटच्या दिवशी प्रभू ज्याला त्याला नावाने हाक मारील आणि हीच वासंती उठेल, असा माझा विश्वास आहे. बापूंना यायचं असेल तर कब्रस्तानात यावं, खुर्ची मिळेल.

३. आमच्या पाळकसाहेबांनी माझ्या दफनाच्या वेळी स्वर्गावर प्रवचन देऊ नये. शेवटची तीन वर्षं शमुवेल मला ओळखत नव्हते. मला नर्स समजून ‘सिस्टर’ म्हणायचे, आणि माझी बायको कधी येणार, हे मलाच विचारायचे. मी पाळकसाहेबांना विचारलं, यातले कोणते शमुवेल उठतील? ते म्हणाले, निर्दोष देहाने, पूर्ण शुद्धीत. बरं वाटलं. लगेच पुढे म्हणाले, पण तिथे कुणी कुणाचं नवरा-बायको नसतं. मग ते मला ओळखणार कशावरून? तर म्हणाले, “बाई, तिथे असे प्रश्नच पडणार नाहीत.” प्रश्न पडणार नसतील तर तिथे उठलेली बाई मी नव्हेच. तरी माझं मोठ्या अक्षरांचं बायबल त्यांनाच द्यावं. त्यांनी ते पुन्हा एकदा सावकाश वाचावं.

४. माझी कबर शमुवेलच्या उजव्या हाताला खणावी. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे. उठल्यावर त्यांनी ओळखलं नाही, तर मी सांगेन. तीन वर्षं रोज सकाळी चहा देताना सांगतच होते, “अहो, मी वासंती, तुमची बायको.” तिथे ‘बायको’ चालत नसेल, तर नुसतं वासंती म्हणेन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: वासंती शमुवेल उजागरे

साक्षीदार:
१. रमेश पाटीदार, शेजारी
२. देवश्री काळे, शाळेतली सहकारी

स्थळ: उज्जैन
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५