आईच्या खोलीखालची भिंत

३ जानेवारी
घर पाडायचं नाही! ताईला आज फोनवर ठणकावून सांगितलं. ती म्हणते, बिल्डरला देऊन मोकळे होऊ. मी म्हणालो, बाबांनी बांधलेलं घर आहे, आणि पर्यावरण नावाची काही चीज असते. शेवटी ठरलं: २८ तारखेला इंजिनिअर येणार. तो 'पक्कं' म्हणाला तर घर राहील आणि आई वरच्या तिच्या खोलीत राहील. नाहीतर पाडायचं.
संकल्प: नवीन काही आणायचं नाही. जुनंच वापरायचं.

६ जानेवारी
जुन्या खिडक्या घासायला घेतल्या. दीड झाली. बायकोने विचारलं, उरलेल्या साडेदहा कधी? घाईने कामं बिघडतात, म्हटलं.

९ जानेवारी
महत्त्वाचा शोध. हॉल आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत वारा अडवते. ती काढली की पंखासुद्धा नको. गवंडी हात लावायला तयार नाही. म्हणाला, साहेब, आजींची खोली हिच्याच डोक्यावर आहे. जुन्या वळणाचा माणूस. त्याला नारळ दिला. मी तीन व्हिडिओ पाहिलेत. (एक पूर्ण.)

१३ जानेवारी
भिंत गेली. माझी पाठही गेली. पण एक वीट फुकट घालवली नाही. अंगणात बाक बांधला. घरात हवा मस्त खेळते.

१७ जानेवारी
छताला केसाएवढी रेघ. प्लास्टर सेट होतंय. टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख घातली. शास्त्रीय पद्धत.

१९ जानेवारी
रेघ खुणेच्या चार बोटं पुढे. खूणच चुकली असावी.

२१ जानेवारी
आईच्या खोलीचं दार लागत नाही. लाकूड फुगलं असणार. आई म्हणते, दोऱ्याचं रीळ जमिनीवर ठेवलं की आपणहून खिडकीकडे जातं. बायको म्हणाली, आईंना खाली आणा. आणलं तर ताई काय समजेल? नाही आणलं.

२४ जानेवारी, सकाळी ६
वरून 'कट्' असा आवाज. रेघेत आता नाणं मावतं. घालून पाहिलं, परत निघालं नाही. छाती धडधडतेय. ॲसिडिटी. गवंड्याला फोन केला, सहज चौकशीसाठी. तो म्हणाला, आधी आजींना खाली घ्या, मग बोला.

दुपारी
आई माझ्या खोलीत. तिला सांगितलं, इथे ऊन छान येतं. गवंडी आला, एक शब्द न बोलता चार टेकू लावून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२७ जानेवारी
टेकूंपुढे पडदा लावला. जुन्या चादरीचा. उद्या बाजी आपलीच.

२८ जानेवारी
ताईही आली. इंजिनिअरने पाया पाहिला, बाहेरच्या भिंती ठोकल्या. म्हणाला, काय बांधलंय हो! साठ वर्षं हललं नसतं. मी ताईकडे बघितलं. 'नसतं' नंतर लक्षात आलं. कारण त्याने पडदा सरकवला होता.
विचारलं, इथली भिंत कुठे गेली? बाहेर बाक केलाय, म्हटलं. तो म्हणाला, पंधरा दिवसांपूर्वी बोलावलं असतंत तर गर्डर टाकून निभावलं असतं. आता वरचा मजलाच सरकलाय. आम्हा सगळ्यांना लगेच बाहेर काढलं.
ताई जिंकली आणि रडायला लागली.
आई बाकावर बसली. वीट चाचपून तिने विचारलं, ही माझ्या खोलीखालचीच ना रे? हो म्हणालो.
बाक अजिबात हलत नाही.