ताईताकडं वळव

कोची, मंगळवार

प्यारी अम्मी,

तुला सलाम. हे पत्र वाचून दाखवणाऱ्या मुबश्शिराला अर्धाच सलाम, कारण ती मधले शब्द गाळते. फोनवर तू नुसती रडतेस, म्हणून लिहितोय.

मी मजेत आहे. बोट लई मोठी आहे, बुडायचं नाव घेत नाय. पाचोडचा पोरगा समुद्रात काय करणार म्हणून कप्तान आधी हसायचा. आता सुकाणू माझ्याच हातात देतो.

आठवतं का, पैठणच्या धरणावर उन्हाळी शिबिराला निघालो, तेव्हा पाण्याच्या भीतीनं तू माझ्या डाव्या मनगटाला ताईत बांधलास? मला डावं-उजवं कळत नव्हतं, माझी नाव जागीच गोल फिरायची. शेवटी सर वैतागून ओरडले, "इलियास, ताईताकडं वळव!" तिथं जी नाव सरळ झाली, ती इथवर आली. अजून हुकूम आला की मी आधी मनगट बघतो.

गुडघ्याला तेल लावतेस ना? शेळी व्याली का?

मुबश्शिरा, आता खोकल्याचं सोंग कर आणि हे मनात वाच. परवा दोरा तुटून ताईत समुद्रात गेला. काल डावीकडं वळायचं सोडून मी उजवीकडं वळलो आणि बोट धक्क्याला घासली. कुणाला लागलं नाय. कप्तानाला खरं कारण सांगितलं, तर त्यानं एवढंच विचारलं, "नवा कधी येतोय?"

आता मोठ्यानं वाच. अम्मी, ताईत हाताला लहान होतोय, नवा पाठव. दोरा जाड घाल. आणि दोन पाठव, एक कप्तान स्वतःच्या कपाटात ठेवणार आहे.

डावीकडं वळताना दरवेळी तुला आठवणारा,
इलियास