देशमुखांच्या नावाखालचं गाणं

रवि. १५ नोव्हें. १९५३

आजही पहिली ओळ.

गोखलेकाकांनी रविवारच्या बैठकीला नियमच घालून दिला आहे. आपलं गाणं आपण म्हणायचं नाही, दुसऱ्यानं म्हणायचं. ऐकून झालं की प्रत्येकानं त्यातली एक ओळ मागून घ्यायची, 'मला ही द्या' म्हणून. नावं ठेवायची नाहीत. ज्याच्या गाण्यातलं कुणालाच काही नको असतं, त्याची पहिली ओळ काका मागतात. 'पहिली मला, पेंडसे. उचल छान आहे.' लागोपाठ सात रविवार माझ्या पहिल्या ओळी काकांच्या घरी राहायला गेल्या आहेत.

देशमुखांच्या गाण्यावर जोगळेकर आणि काकू एकाच ओळीसाठी भांडले. शेवटी ती ओळ दोघांना अर्धी अर्धी दिली.

निघताना कुमुदनं विचारलं, "पाणी खाणार?" काकू आतून ओरडल्या, "पाणी पितात गं! बावीस वर्षांची घोडी झालीस."
"बंगालीत पाणी खातात, आई."
"मग बंगालीत तहान लागू दे."

सगळे हसले. मीही हसलो. पाणी मात्र राहिलं.

वही नेहमीप्रमाणे मी घेऊन आलो. सगळ्यांची गाणी चांगल्या अक्षरात उतरवणं हे माझं काम. जोगळेकर मला हाकच मारतात 'सुवाच्य' म्हणून. सातवीनंतर शाळा सुटली, पण अक्षर सुटलं नाही. मला बोलावतात ते अक्षरासाठी, हे समजतं.

मंगळ. १७ नोव्हें.

नदीकडच्या जेटीवर तागाच्या गाठी मोजल्या. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. दुपारी क्रेन बंद पडली म्हणून पाऊण तास रिकामा मिळाला. गंगेला भरती लागत होती. नांगरलेल्या होड्या एकामागून एक हळूहळू वळल्या. कुणी वल्ह्याला हात लावला नाही, दोर सोडला नाही. थोड्या वेळानं सगळ्यांची तोंडं खाली, समुद्राकडे. आमचं गावही समुद्रावरच. पण तो दुसरा समुद्र.

गाठींच्या कागदामागे लिहिलं:

भरतीचे पाणी आले, नाव हळू वळे
बांधलेली बांधलेली, कुणा ना कळे
जागची न हालते ती, कुणी न सोडे
दोर तेवढाच, तरी तोंड घराकडे

नंतरच्या मोजणीत एक आडवी रेघ जास्त पडली. ती सापडेपर्यंत घाम फुटला.

गुरु. १९ नोव्हें.

दुसरं कडवं झालं. चालही आपोआप आली, चालता चालता.

चांगलं आहे का? मला कळत नाही. सोमवार ते शनिवार माझ्याशी मराठी बोलणारं इथं कुणी नाही. खोलीत मोठ्यानं म्हणून पाहिलं तर पलीकडच्या मिस्त्रीनं भिंतीवर थाप मारली. ती दाद नसावी.

शनि. २१ नोव्हें.

हे लिहू की नको. लिहितो.

उद्याच्या वहीत नेहमीप्रमाणे आधी नावं घालून घेतली, लाल शाईनं, प्रत्येकाला एक पान. सगळी गाणी उतरवून झाली. देशमुख बँकेच्या कामाला धनबादला गेले आहेत, गाणं टपालानं पाठवतो म्हणाले होते. शेवटच्या टपालातही आलं नाही. त्यांचं पान कोरं राहिलं.

माझ्या पानावर माझं एक जुनं घातलं. आणि नावेचं गाणं देशमुखांच्या पानावर.

सगळी वही माझ्याच हातची, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नाही.

माझ्या नावावर म्हटलं गेलं तर काका पहिली ओळ मागणार. ती दाद गाण्याला आहे की मला आहे, हे कधीच कळायचं नाही. एकदा कळू दे. नंतर लगेच सांगून टाकीन.

रवि. २२ नोव्हें.

कुमुदनं म्हटलं. चाल मी सांगितली, 'देशमुखांनी पत्रात खुणा केल्या होत्या' म्हणून. हे दुसरं खोटं.

तिनं पहिल्यांदा नुसतं म्हटलं. मग न विचारता पुन्हा म्हटलं, आणि काकू पेटीवर मागे मागे आल्या. संपल्यावर कुणी ओळ मागेना. मला वाटलं, पडलं.

मग काका: "पहिल्या कडव्यातली शेवटची मला द्या. 'दोर तेवढाच.'"
कुमुद: "बाबा, मी म्हटलंय, ती माझी."
जोगळेकर: "मी हावड्याहून दोन बस बदलून येतो. लांबून येणाऱ्याचा मान पहिला."
काकू: "मला 'बांधलेली बांधलेली' द्या. तीच मोठी आहे. तुम्हाला कळत नाही कुणाला."

काका म्हणाले, "देशमुखांनी आजवर केलेलं सगळं बाजूला ठेवा. हे वेगळंच आहे."

बोलण्याची हीच वेळ होती. तोंड उघडलंही. तेवढ्यात काका माझ्याकडे वळले, "आता पेंडशांचं." जोगळेकरांनी माझं म्हटलं. पहिली ओळ काकांनी मागितली.

खिदिरपूरच्या ट्राममध्ये कंडक्टरला सांगावंसं वाटत होतं. मैदानावर धूर उतरला होता, काही दिसत नव्हतं. इतका आनंद आणि असा की कुणाजवळ बोलता येऊ नये.

शुक्र. २७ नोव्हें.

झोप नीट नाही. देशमुख रविवारी येणार. आल्या आल्या त्यांना बाजूला घेऊन सांगायचं. वाक्य तयार केलं: 'देशमुख, मी तुमच्या नावाचा गैरवापर केला.' 'गैरवापर' फार मोठा वाटतो. 'तुमचं नाव वापरलं.' हे बरं.

रवि. २९ नोव्हें.

सांगितलं नाही. उलट

सगळं क्रमानं लिहितो. मी जिना चढत होतो तोच देशमुख वरून उतरून आले. काकांनी त्यांचं आधीच अभिनंदन केलं होतं.

"पेंडसे, ते गाणं माझं नाही. मी पाठवलंच नव्हतं. कुठून आलं?"

आणि मी म्हणालो, "तुमच्या पाकिटातून."

का म्हणालो? तयार केलेलं वाक्य जिभेवर होतं.

"अक्षर माझं होतं?"
"तुमच्यासारखंच होतं."
"पाकीट आहे?"
"फेकलं."
"तुम्ही?" ते थांबले. "तुम्ही तर ट्रामचं तिकीटसुद्धा फेकत नाही."

मी खाली पाहिलं. ते वळले. वर गेले आणि सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, "हे माझं नाही. असतं तर फार आवडलं असतं. पण नाही."

माणूस सरळ आहे. मला त्यांचा राग येतो, आणि मग स्वतःचा.

मग तर्क सुरू झाले. बँकेतल्या कुणाचं असेल? पाकिटांची अदलाबदल? जोगळेकर म्हणाले, "सुवाच्यचं असेल!" सगळे हसले. वाईट हसले नाहीत. काका तर मला सांभाळून घेत होते: "पेंडशांची मी ओळखतो हो. त्यांचा पिंड वेगळा."

काकांनी लाल नाव खोडलं. खाली जागा मोकळी ठेवली. "धनी येईल तेव्हा लिहू."

बुध. २ डिसें.

काकांना पत्र लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं, तेही फाडलं. तिसऱ्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही आणि एकही ओळ खरी वाटत नाही.

त्या पहिल्या रविवारीच सांगितलं असतं तर ती एक वेडगळ गंमत झाली असती. आता देशमुखांच्या तोंडावर खोटं बोललो आहे. आणि आता 'माझं' म्हटलं तर सगळे म्हणतील, बेवारस गाणं बघून हा पुढे आला. मीसुद्धा तेच म्हटलं असतं.

जेटीवर आज होड्यांकडे पाठ करून उभा राहिलो.

रवि. ६ डिसें.

नाताळच्या सुटीत इथल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन आहे. तिथं नावेचं गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं ठरलं. 'कवी अज्ञात' असं जाहीर करायचं. जोगळेकरांच्या मते ते जुनं कोळ्यांचं असावं: "असली गाणी कुणी करत नाही, ती असतात."

मलाही मागच्या ओळीत उभं केलं. आपलं गाणं आपण म्हणायचं नाही हा नियम आज मोडला, आणि ते एकट्या मला माहीत. मी ओठ हलवले. आवाज काढला नाही.

तालीम संपल्यावर कुमुद वहीत बघत म्हणाली, "हे अर्धं आहे. नाव वळली, मग? भरती काय कायमची राहते? याला तिसरं कडवं असणार. ज्यानं केलंय त्याला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. तिसरं कडवं हवं हेच मला सुचलं नव्हतं. पण ती म्हणाली त्या क्षणी पटलं.

गुरु. १० डिसें.

अर्धा दिवस रजा घेतली. दोन वर्षांत पहिली. वही द्यायच्या निमित्तानं भवानीपूरला काकांच्या घरी गेलो. काका शिकवणीला बाहेर. काकू स्वयंपाकघरात, दार उघडं. कुमुद शाळेतून नुकतीच आलेली, मुलींच्या वह्या तपासत होती.

उभ्या उभ्याच सांगितलं. गाठींचा कागद, लाल नाव, जिना, पाकीट, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो.

तिनं पेन खाली ठेवलं.

"त्या दिवशी सांगितलं असतं तर मी लगेच मानलं असतं."
"हो."
"देशमुखांच्या तोंडावर खोटं बोललात. मग आता हे खरं कशावरून?"

गाठींचा कागद खिशात होता. दाखवला. तिनं पाहिला आणि परत दिला. "अक्षर तर सगळ्या वहीत तुमचंच आहे, पेंडसे."

हे मला आधी सुचायला हवं होतं.

काकू आतून: "कोण आलंय गं? पेंडसे? जेवायला थांब रे."
कुमुद: "त्यांना काम आहे, आई."

मग दारापर्यंत आली आणि हळू म्हणाली, "तिसरं कडवं आणा. ज्याचं आहे त्याला जमेल. आणि देशमुखांना मी सांगणार नाही. ते तुमचं काम."

शनि. १२ डिसें.

काल काही नाही. आज दुपारी ओहोटीच्या वेळी मुद्दाम जेटीच्या टोकाला गेलो. होड्या पुन्हा फिरल्या, समुद्राकडे पाठ. मी इतके दिवस एकच नाव बघत होतो. आज सगळ्या पाहिल्या. ओळीनं उभ्या, हाताच्या अंतरावर, आणि एकीचंही तोंड दुसरीकडे नाही. प्रत्येकीला फक्त पुढचीची पाठ दिसते.

ओहोटीचे पाणी आले, नाव पुन्हा वळे
घर गेले पाठीमागे, कुणा ना कळे
हाक मारू म्हणते तर शेजारच्या नावेचेही तोंड पलीकडे
दोर जवळचेच, तरी बोल ना घडे

तिसरी ओळ लांब झाली आहे, दिसतंय. पण ती तशीच आली.

रवि. १३ डिसें.

साडेतीनलाच पोचलो. बैठक चारला. काका वर गच्चीत ऊन खात बसले होते. कुमुदच्या हातात कागद दिला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खाली एक माणूस कोळशाची पोती उतरवत होता. सवयीनं मोजली. नऊ.

ती आधी मनात वाचत होती. मग हलक्या आवाजात म्हणू लागली. दोन ओळी गेल्या. तिसरीत थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच थांबली.

"हे कसं म्हणायचं? एका दमात एवढं? मी काय म्हैस आहे?"

मी म्हणालो, "नावं ठेवायची नाहीत असा नियम आहे."

"नियम बैठकीचा. बैठक चारला. आत्ता साडेतीन झालेत." तिनं पेन्सिल घेतली आणि 'हाक मारू म्हणते तर' याखाली रेघ मारली. "एवढं काढा. मग बसते."

"हाक काढली तर काय राहिलं?"

"ते तुम्ही बघा. मला म्हणता आलं पाहिजे." मग, "चौथी पण कच्ची आहे. 'घडे' नुसतं जुळवायला आणलंत."

आजवर माझ्या कुठल्याही गाण्यात कुणी पेन्सिल घातली नव्हती. कान तापले. पण खोलीतून जावंसं वाटलं नाही.

विचारलं, "म्हणजे पटलं तुम्हाला?" तोच जिन्यावर जोगळेकर खोकले, आणि त्यांच्यामागे देशमुख. तिनं कागद घडी करून माझ्या हातात दिला. तोंडावरून काही समजलं नाही.

बैठकीत वही उघडली गेली. त्या पानावर खालची जागा अजून मोकळी. तालमीत नावेचं गाणं झालं, दोनच कडवी. मी आज आवाज काढला. पुढच्या ओळीतून देशमुखांनी मान वळवून पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं. निघताना ते दोन पावलं माझ्या पुढे होते. कोपऱ्यापर्यंत तसेच चाललो. तिथं त्यांची ट्राम आली.

मंगळवारी त्यांच्या बँकेत जायचं ठरवलं आहे. मधल्या सुटीत. वाक्य तयार केलेलं नाही.

चौथी ओळ बदलली. तिसरी तीन प्रकारे केली. हाक काढली की ओळ चालीत चोख बसते, आणि नाव गप्प होते. हाक ठेवून म्हणून पाहतो आहे, खिडकी लावून, छाती भरून. दम 'नावेचेही'पाशी संपतो. सकाळपेक्षा एक शब्द पुढे.