थांब की दाब

काळेवाडी,
१७ नोव्हेंबर

प्रिय समाधान,

सप्रेम जय भीम. आईबाबांनाही सांग. आमच्या दिव्याची सहामाही संपली, गणितात पैकीच्या पैकी आहेत. तुझी जखम भरली, पण बोटं गेली तिथं थंडीत ठणकतं, असं वर्षालीकडून कळलं.

तुझा फोन आला की मी तो तुझ्या वर्षालीताईकडे देतो, म्हणून तू चिडलायस. खरं कारण असं की फोनवर मला नुसती घरघर येते, शब्द सुटे होत नाहीत. तीन वर्षं झाली. समोरच्याचे ओठ बघून निभावतो. कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी व्हायची, तेव्हा काचेपलीकडच्या माणसाचा हात बघायचो. त्यानं बटण दाबलं की मी बोट वर करायचो. पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमधून काढलं तर या वयात दुसरं कोण घेणार, ही भीती.

जुलैत तू प्रेसच्या मागून अडकलेला पत्रा काढत होतास. मागची सुरक्षेची जाळी नेहमीसारखी काढलेली होती. मी पुढे, बटणांवर. तू मान वर करून ओरडलास. मला ऐकू आलं, "दाब."

चौकशीत तू म्हणालास, "मी थांब म्हणालो होतो." मी म्हणालो, "नाही, दाबच म्हणाला." तसं लिहून सही केली. निष्काळजीपणा तुझ्या नावावर लागला, नोकरी गेली, तू गावी गेलास. मला ऐकू आलं तेच मी सांगितलं, अशी मनाची समजूत घालत मी चार महिने काढले. पण कान गेलेत, हे तिथं बोललो नाही.

गेल्या महिन्यात वर्षालीनं मला आकुर्डीला कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथं शाहीन मॅडम म्हणून आहेत. त्यांनी समजावलं की आ, ओ असे स्वर जाड असतात, ते गोंगाटातही टिकतात. त, थ, स हे नुसत्या श्वासाचे बारीक आवाज, मशीनच्या दणक्यानं कान आधी तेच गमावतो. मी विचारलं, "पण ओठ बघून कळतं ना?"

"सगळं नाही कळत. थ आणि द म्हणताना जीभ दातांनाच लागते. ओठ सारखेच दिसतात."

मी म्हणालो, "मॅडम, मशीनचा आवाज लावा, आणि दहा वेळा म्हणा. थांब किंवा दाब. कोणता ते सांगू नका."

त्यांनी म्हटलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उत्तरं दिली. सात वेळा दाब, तीन वेळा थांब.

मॅडमनी आवाज बंद केला. "दादा, मी दहाही वेळा थांबच म्हणाले."

वर्षाली शेजारीच बसली होती. तिनं पर्स उचलली आणि बाहेर गेली.

सोमवारी रिपोर्ट आणि नवा जबाब घेऊन मी सेफ्टीच्या बबनरावांकडे गेलो. ते म्हणाले, "चौकशी बंद झालीय राव. कागद घरी ठेवा, नोकरी सांभाळा." मी पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. एक प्रत कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात दिली. दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड चाललं नाही.

घरी वर्षाली बोलते, पण पाठ फिरवून. मला कळू नये म्हणूनच.

निरीक्षकांनी २६ तारखेला सकाळी अकराला दोघांना बोलावलंय. जबाबाची प्रत सोबत आहे. त्यात तुझी काही चूक नाही, असं माझ्या सहीनिशी लिहिलंय. तू ये. मला शिव्या द्यायच्या असतील तर समोर उभा राहून, सावकाश दे. एकही चुकवायची नाही मला.

तुझा दाजी, अजून म्हणत असशील तर,
बुद्धरत्न