सात नंबरचा बिल्ला

३ तारीख, सोमवार

सामान पोचलं. लोखंडी खाट एक, गाद्या दोन, भांड्यांची गोणी एक, शिवणयंत्र, देवांचा डबा (मांडीवर आणला, त्याला भाडं नाही). टेम्पो एकशे चाळीस, हमाली वीस. हमाल तीस मागत होता. मी म्हटलं, आरसा तडकवलास त्याचे दहा वजा. हसला आणि वीस घेऊन गेला.

गोदामाला लागून दोन खोल्या, मोरी, अंगणात उघडणारी गजांची खिडकी. बाहेरचं दार एकच, जाड लोखंडी, मुठीचं. दुसरं दार आतून गोदामात. भाडं नाही, त्याबदल्यात गोदामाची वही मी लिहायची. मॅट्रिक झाल्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला म्हणायचा.

मालक गाण्यांच्या मोठमोठ्या कार्यक्रमांना दिवे आणि त्यांची वीज पुरवतात. ह्यांना पेटीवाल्याची जागा मिळाली. पेटी म्हणजे चाकांवरचं कमरेएवढं कपाट. जनरेटरची वीज तिच्यात येते आणि तिथून मंचावरच्या शेकडो दिव्यांना वाटली जाते. देवापुढे दिवा लावला. सगळं नीट लागलं, त्याची कृपा.

५ तारीख, बुधवार

जेवताना ह्यांनी समजावून सांगितलं. वीज तीन वाटांनी येते. तिघींवर भार सारखा पाहिजे, एकीवर जास्त पडला की ती तापते. तीन जावांचं घर, म्हणाले, आणि तिघींच्या वाटणीत जे कमीजास्त होतं ते सासूच्या माथी, म्हणजे न्यूट्रलच्या तारेवर. मी म्हटलं, सासूची कीव करणारा पहिलाच पुरुष पाहिला. एक जनरेटर चालू, दुसरा शेजारी तयार. पन्नास हजार माणसं बसलेली असतात, पापणी लवेपर्यंतसुद्धा अंधार व्हायला नको. उजेडाचं कौतुक गाणाऱ्याला, अंधाराच्या शिव्या पेटीवाल्याला.

इथली एक रीत मला फार आवडली. प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला आहे. पेटीत हात घालण्याआधी मूठ खाली ओढायची आणि तिच्या भोकात आपला बिल्ला अडकवायचा. मग मूठ वर जात नाही, वीज सुटत नाही. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. मालकानंसुद्धा दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. काम झालं की बिल्ला फळीवरच्या खिळ्याला, आणि वहीत नोंद: परत आला. ह्यांचा नंबर अकरा.

९ तारीख, रविवार

गोदाम झाडलं. कोपऱ्यात चार नंबरची पेटी धूळ खात उभी आहे. मुठीला सात नंबरचा बिल्ला, हिरवा पडलेला. केबलची वेटोळी करणारे म्हातारे आहेत, त्यांना सगळे वेटोळेकाका म्हणतात. त्यांना परवा विचारलं होतं, तर म्हणाले, ती पेटी आपण नेत नाही, सात नंबर कामावर आहे. मला वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा.

सगळे बिल्ले राखेनं घासले. सातही काढला. त्याच्यावर इतकी काजळी की दोनदा घासावा लागला. सोन्यासारखा निघाला. फळीवर सातचा खिळा रिकामाच होता, तिथे टांगला. वहीत त्याची पाच वर्षांची जागा कोरी होती, तीही भरली. सात — परत आला. कोरी जागा मला बघवत नाही.

१२ तारीख, बुधवार

एक पेटी आतून जळाली. महिनाअखेरीला सगळ्यांत मोठा कार्यक्रम आहे आणि मालकांना एक पेटी कमी पडते. ते वही बघायला आले आणि त्या ओळीवर बोट ठेवून उभे राहिले. कुणी काढला, विचारलं. मी सांगितलं, घासायला मी काढला. ओरडतील असं वाटलं होतं. खुर्चीत बसले.

“बरं झालं, वहिनी. पाच वर्षं मला ते जमलं नव्हतं.”

चार नंबर न्यायची ठरली.

१३ तारीख, गुरुवार

काकांना पाणी दिलं तर पेला हातात धरूनच बसले. मग बोलले. पाच वर्षांपूर्वी ऐन कार्यक्रमात तीनपैकी एक वाट गेली. अर्धा मंच काळा, लोकांच्या शिट्ट्या. सात नंबरनं मूठ ओढली, बिल्ला अडकवला, आत हात घातला. तेवढ्यात गाणारा वर चढला. मालकांनी बिल्ला काढून मूठ वर केली.

“दिवे आले, पोरी. टाळ्या पडल्या. त्याचा आवाज त्या टाळ्यांत गेला.”

मग मालकांनीच बिल्ला पुन्हा मुठीला अडकवला. त्यानंतर त्याला कुणी हात लावला नाही. ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा, आणि तो तर गेलेला.

म्हणजे त्याचं काम चालू असताना बिल्ला काढणारी मी दुसरी.

देवापुढे बसले. जपात आकडाच येत होता.

१५ तारीख, शनिवार

दुपारी शेगडी पेटेना. बघते तर तिच्या कळीवर सात नंबर अडकवलेला. खिळ्यावर नेऊन टांगला. ह्यांना विचारलं, नाही म्हणाले. बिल्ल्याची थट्टा हे कधी करत नाहीत.

१६ तारीख, रविवार

ह्यांचा प्रवासाचा सदरा इस्त्री करून ठेवला होता. वरच्या काजात सात नंबर. पितळ गरम. पुन्हा खिळ्याला टांगला.

सगळं सांगितलं, काकांचं बोलणंही. हे म्हणाले, पेटी मी स्वतः उघडून तपासली, कोरी करकरीत आहे, दुसरी आणू कुठून. नोकरीला पंधरा दिवस होत नाहीत तोच घाबरलो म्हणून सांगू का. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढं केलं नव्हतं कधी.

१७ तारीख, सोमवार

ट्रक गेले. वहीत लिहिलं: पेटी चार — गेली. अकरा — गेला. ह्यांनी बिल्ला खिशात टाकताना मी पाहिला. मंच उभारायला आठवडा, पंचवीसला पहिल्यांदा वीज सोडणार. मालक बाहेरून गोदामाला कुलूप घालून गेले. फोन त्यांच्या खोलीत, तिलाही कुलूप.

संध्याकाळी फळी पाहिली. सातचा खिळा रिकामा.

१८ तारीख, मंगळवार

पेटीच्या जागी चार चाकांचे डाग. तिथूनच मूठ वर केल्याचा आवाज. दुपारी दोनला. तीनदा.

रबर जळाल्याचा वास. खिडकी सताड उघडली. जात नाही.

१९ तारीख, बुधवार

वहीत माझ्या ओळीखाली एक ओळ. सात — कामावर.

शाई माझी. अक्षर माझं नाही. शेपट्या लांब ओढलेलं, उजवीकडे कललेलं. जुन्या वह्या काढल्या. पाच वर्षांपूर्वीची त्याची सही — तेच.

मी काही जेवले नाही. उपास समजला देवानं तर —

२० तारीख, गुरुवार

अकराच्या खिळ्यावर बिल्ला आहे.

ह्यांचा. कडेला खाच आहे तीच. गरम आहे. काजळी.

वहीत — अकरा — परत आला. लांब शेपट्यांचं.

मी निघाले. पिशवी घेतली, पैसे घेतले. दाराच्या मुठीत सात नंबर अडकवलाय. मूठ हलत नाही. बिल्ला ओढला की निघेल, माझ्याच हातानं एकदा निघालाय. पण एकदा काढला त्याचं हे —

नाही काढत. तिसऱ्यांदा त्याच्यावर वीज सोडणार नाही. आणि ह्यांच्यावरही.

काका चारला अंगणात येतात. हे पान फाडून गजांतून देते. आज टपालात टाकलं तर ह्यांना शनिवारी पोचेल. पंचवीसच्या आत.

अहो,

चार नंबरच्या पेटीत हात घालू नका. मालक ओरडू देत, नोकरी जाऊ दे, मी शिवणावर घर चालवीन. खिसा बघा. बिल्ला आहे का तेवढं बघा. असेल तर इथला कुणाचा —

मुठीचा आवाज येतोय. आत, गोदामातून. दोन वेळा झाला.

नसेल तर तसेच निघा, सामान राहू दे. मी दार उघडत नाही, तुम्हीच येऊन हाक मारा. आणि उलट टपाली कळवा. दोन ओळी पुरेत. पण तुमच्या अक्षरात लिहा, दुसऱ्या कुणाला लिहू देऊ नका, कारण कालपासून वहीत माझंसुद्धा अक्षर उजवीकडे —