बाबांच्या इकोची फीत

मयूर विहार, दिल्ली
६ जानेवारी २००१

ती. रसिकाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलता येत नाही, बाबा शेजारीच असतात. जिना चढताना त्यांना दम लागतो, म्हणून काल त्यांना आमच्या नोएडाच्या हॉस्पिटलात नेलं. ट्रेडमिलवर चालवून लगेच हृदयाचा इको केला. तिथे रोज इको मीच काढते, त्यांचाही मीच काढला. उलट तेच मला म्हणाले, बिल्कुल घाबरू नकोस!

श्रमानंतर हृदयाची पुढची भिंत नीट आकसते का, एवढंच बघायचं होतं; आकसली नाही, तर रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो. पण त्यांची छाती रुंद, चित्र धूसर आलं. इकोची फीत पाहून आमचे थोरले डॉक्टर म्हणाले, आकसते. डॉ. प्रभा म्हणाल्या, नाही आकसत. आता शिरेतून एक औषध देऊन पुन्हा चित्र घ्यायचं. त्याचे बारीक बुडबुडे रक्तातून हृदयात जातात आणि आतली कड स्वच्छ दिसते. मग दोघांचं एकमत होईल. औषध परदेशातून यायचंय. ३० तारीख मिळाली आहे.

माझ्या लाडक्या भाचीला, पूर्वीला आशीर्वाद. माझ्यावर माया आहेच, तशीच राहू दे.
तुझी,
विनया

पुणे
१३ जानेवारी

चि. विनयास,
अनेक आशीर्वाद.

पूर्वीचा साखरपुडा २८ तारखेला ठरला! बाबांशिवाय मी तो करणार नाही. आले की महिनाभर राहू देत, तपासणी मार्चमध्ये करू. थोरले डॉक्टर ठीक म्हणालेत ना? तू लहानपणापासूनच काळजीखोर, आणि दिल्लीने तर तुला पार डॉक्टरीणबाई करून टाकलंय. बाबांना पाठव. एवढं माझं ऐकशीलच.
तुझी,
ताई

पुणे
१० मार्च

चि. विनयास,
आशीर्वाद.

बाबांना जाऊन महिना झाला. साखरपुड्यात पंगतीतून फिरून आग्रह करत होते, आणि आठव्या दिवशी सकाळी चपला घालता घालता कोसळले. तू तेराव्यापर्यंत इथे होतीस, पण तपासणीच्या त्या तारखेबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मी हट्ट केला नसता तर बाबा आज असते का? खरं लिही. माझी समजूत घालू नकोस.
ताई

मयूर विहार, दिल्ली
१९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

काल बाबांची फीत नाव झाकून दोन्ही डॉक्टरांना वेगवेगळी दाखवली. थोरले पुन्हा म्हणाले, आकसते. प्रभा पुन्हा म्हणाल्या, नाही. मग कुणाची फीत ते मी सांगितलं. प्रभा माझा हात धरून बसल्या. थोरले डॉक्टर म्हणाले, मला अजूनही तेच दिसतं, बेटी, काय करू?

मी स्वतः ती वीस वेळा तरी पाहिली. कधी भिंत हलते, कधी हलत नाही. ज्या चित्रातून उत्तर मिळालं असतं ते आपण काढलंच नाही. त्यामुळे तुझ्या प्रश्नाला हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही.

पण खरं लिही म्हणालीस, म्हणून हेही लिहिते. तपासणीची तारीख मी रद्द केली. डॉक्टरांमध्ये मतभेद आहे, हे मी बाबांना कधी सांगितलंच नाही. तुझं पत्र वाचून ते लगेच बॅग भरायला बसले, पूर्वीसाठी काय न्यायचं ते विचारू लागले. मला त्यांचा तो आनंद मोडवेना. जीव त्यांचा होता, आणि त्यांना विचारलं मात्र आपल्या दोघींपैकी कुणीच नाही.

यावर तुला मला पत्र लिहावंसं वाटलं, तर लिही.
विनया